तालमीला यावे

मराठी भाषेने एकेका शब्दावर किती ओझे टाकावे याला काही सुमारच नाही. आता ‘तालीम’ हाच शब्द घ्या. मुळात अरबी, अर्थ शिक्षण. तो फिरत फिरत आपल्याकडे आला आणि त्याचे दोन संसार झाले. एका घरी लाल माती, मारुती आणि जोर-बैठका. दुसऱ्या घरी पेटी, तबला आणि “पुन्हा म्हणा!” पुण्या-मुंबईला या दोन घरांचा घोटाळा होत नसेल. आटपाडीला होत असे. कारण आमचे गाव १९४८ पर्यंत औंध संस्थानात, आणि संस्थानचे राजेसाहेब सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते. अशा मुलखात तालीम म्हटले की अंगाला तेलच लावायचे.

आमच्या शाळेत नाट्यमंडळ होते. मंडळ म्हणजे एक सर, एक पेटी, एक पत्र्याची ट्रंक आणि तिच्यात दोन मिशा. दिवाळीची सुट्टी संपली की नवी मुले मंडळात दाखल करून घेण्याचा एक दिवस असे. १९६६ साली फळ्यावर सूचना लागली: ‘नाटकात काम करू इच्छिणाऱ्या नवीन विद्यार्थ्यांनी सायंकाळी ५ वाजता तालमीला यावे.’ पहिले दोन शब्द वाचायला कुणाला सवड आहे? बरोबर पाचाच्या ठोक्याला एक धनगराचा पोरगा लंगोट कसून, तेल चोपडून दारात उभा राहिला आणि त्याने सरांना विचारले, “माजी जोड कुनाबरं हाय, सर?”

सरांनी त्याला हाकलले नाही. सदरा घालायला लावला आणि मागच्या रांगेत बसवले. मग त्यांचे भाषण सुरू झाले. हे भाषण दर वर्षी १८४३ सालातून निघे आणि १८८० पर्यंत पोचेतो कंदील लावावा लागे. सांगलीला ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ कसे केले, त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातले भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेले होते ते पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी ‘असे मराठीत करा’ म्हणून भाव्यांना कसे सांगितले, हे सगळे सर असे रंगवून सांगत की जणू ते स्वतः तेव्हा दरबारात तांब्या घेऊन उभे होते.

पण या भाषणात एक मोठा गमतीचा भाग असे, आणि तो सर घाईने उरकत. भाव्यांच्या नटांना पाठ करायला संवादच नव्हते! पदे सूत्रधार म्हणे, आणि ज्याचे सोंग असेल त्याने प्रसंग पाहून आपल्याच शब्दांत दोन वाक्ये ठोकायची. राक्षसाचे काम तर आणखी सोपे. तलवार फिरवीत ‘अलल् डुर्र’ अशी आरोळी द्यायची की निम्मे काम झाले. त्यावरून पुढच्या शिकलेल्या लोकांनी या खेळांना ‘अललडुर्र नाटके’ असे नाव ठेवले. नाव ठेवणारे नाक मुरडूनच ठेवतात. मला विचाराल तर नव्या नटाला याहून उदार कंपनी मिळाली नसेल. यायचे, सोंग घ्यायचे, आणि तोंडाला येईल ते बोलायचे.

पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि नाटक लिहिल्याबरहुकूम बोलले जाऊ लागले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल जेवढे मोठे नाटककार तेवढेच नामांकित तालीममास्तर. हे दोघेही बेळगावात शाळामास्तर होते, हे विसरून चालणार नाही. मराठी नाटक मास्तरांच्या हाती गेले आणि शुद्ध झाले. सुंदर झाले, यात वाद नाही. ‘शारदा’सारखे नाटक अललडुर्र करून थोडेच होते! पण नव्या मुलाने तोंड उघडायच्या आधी परीक्षा द्यायची, हेही त्याबरोबरच आले असणार.

ती परीक्षा आमच्याकडे अशी असे.

“पाणी म्हण.”

“पानी.”

“पाणी!”

“पानीच म्हनलं की, सर.”

झाले. त्याच्या हाती भाला. ज्याच्या जिभेवर ‘ण’ बसला तो राजा, प्रधान, निदान नारद. बाकीचे सगळे भालदार. माझे वडील कचेरीत कारकून आणि माणदेशाबाहेरचे, त्यामुळे माझा ‘ण’ घरचाच होता. मी प्रधान झालो. त्यात माझे कर्तृत्व काय, ते आपणच ठरवा. आमच्या दरबारात एक राजा, एक प्रधान आणि भालदार अकरा! एवढा बंदोबस्त खुद्द औंधकरांनाही लागला नसेल.

आणि हे चालले होते कुठे? तर ज्या भागातल्या बोलीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आणि ‘बनगरवाडी’ १९५५ साली येऊन गेली होती तिथे! ‘बनगरवाडी’तला मास्तरही गावाकडून तालीम बांधून घेतो. ती अर्थात मातीची. आमच्या शाळेच्या कपाटात दोन्ही पुस्तके होती, कपाटाला कुलूप होते, आणि कपाटाशेजारीच ‘पानी’ म्हणणाऱ्याच्या हाती भाला दिला जात होता. पुढे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी १९७३ साली शेटफळ्यात जन्मलेले गदिमा, १९८३ साली माडगूळचे व्यंकटेश आणि १९८४ साली आटपाडीचेच शंकरराव खरात बसले. अकरा-बारा वर्षांत एका तालुक्याचे तीन अध्यक्ष! आमच्या परीक्षेत त्यांतले किती जण उतरले असते, कुणास ठाऊक.

संमेलनाच्या रात्री आमचा राजा तिसऱ्या प्रवेशात भाषण विसरला. खिडकीतून सर सांगत होते, पण पेटीवाल्याला वाटले आपल्यालाच खूण केली, आणि त्याने सूर धरला. मी शुद्ध ‘ण’ घेऊन गप्प. एवढ्यात मागच्या भालदारांतून तो लंगोटवाला पुढे आला, भाला आपटून म्हणाला, “म्हाराज, बोला की आता! मानसं कवाधरनं ताटकळल्याती!”

मांडवाने जी टाळी दिली ती आमच्या उरलेल्या दोन प्रवेशांना मिळून मिळाली नाही. राजालाही त्या गोंधळात पुढचे आठवले.

दुसऱ्या वर्षी सरांनी स्वतः त्याच्या वस्तीवर निरोप धाडला, आणि या खेपेला ‘ण’ची अट नव्हती. त्याने उलट निरोप दिला, “उत्तरेश्वराच्या जत्रंला मेंढरं न्यायची हाईत. आनि तालीम असंल तर मातीतली सांगा.”