तीन आकड्यांची साक्ष

दुसऱ्या महायुद्धातून घरी परतलेल्या अमेरिकी सैनिकाचा सेवामुक्तीचा कागद पाहायला मिळाला, की माझी नजर आधी एका लहानशा चौकटीकडे जाते. तिथे त्या सैनिकाचं लष्करातलं काम आणि कामाचा क्रमांक लिहिलेला असतो. 745 म्हणजे रायफल घेऊन लढणारा शिपाई. 060 म्हणजे स्वयंपाकी. 405 म्हणजे टायपिंग करणारा कारकून. या तीन आकड्यांवर पुढे माणसाचं किती काय अवलंबून राहिलं, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात झाली ती साध्या गरजेतून. 1917 साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि लाखो तरुण एकदम भरती झाले. त्यांत सुतार होते, लोहार होते, मोटार चालवणारे होते. कुणाला कुठे धाडायचं? वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाच्या समितीने प्रत्येक रंगरुटाचं कार्ड भरून घेतलं. कोणता धंदा येतो, असं नुसतं विचारून न थांबता त्याची परीक्षाही घेतली.

दुसऱ्या महायुद्धात याच पद्धतीला तीन आकडी क्रमांकांचं रूप आलं. ज्या कामांना नागरी जीवनात जोड होती, त्यांना साधारणपणे 500 पर्यंतचे क्रमांक मिळाले. जी कामं फक्त लष्करातच असतात, ती त्यापुढे गेली. आचारी गावात असतो, मशिनगनवाला नसतो, इतका सरळ हिशेब.

पण वर्गवारी आली की मानपान आणि पैसा मागोमाग येतोच. 1943 मध्ये लढणाऱ्या पायदळ सैनिकासाठी खास बिल्ला निघाला आणि 1944 पासून त्यावर महिना 10 डॉलर जादा मिळू लागले. त्याच खंदकात जखमींना पट्ट्या बांधणारा वैद्यकीय शिपाई मात्र यातून वगळला गेला, कारण त्याचं काम वेगळ्या रकान्यात होतं. त्याच्यासाठी वेगळा बिल्ला यायला 1945 उजाडलं.

खरी कसोटी पुढेच लागली. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईसजवळच्या लष्करी दफ्तराला आग लागली. सुमारे 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली जळाल्या. 1912 ते 1960 या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या जवळजवळ 80 टक्के नोंदी गेल्या. त्यांच्या प्रती कुठेही नव्हत्या. म्हाताऱ्या सैनिकाच्या ट्रंकेतला कागद आणि त्यावरचा क्रमांक, एवढाच पुरावा अनेकांकडे उरला.

आणि त्या पुराव्याला फार वजन असतं. माजी सैनिकांना भरपाई देणाऱ्या अमेरिकी खात्याने कोणत्या कामात कानठळ्या बसवणारा आवाज सोसावा लागतो, याची यादीच केली आहे. बहिरेपणाचा दावा आला, की अधिकारी त्या यादीत कामाचा क्रमांक पाहतात. क्रमांक कारकुनाचा आणि प्रत्यक्षात माणूस तोफांजवळ राहिलेला, असं असेल तर त्याला दुसरा पुरावा शोधत बसावं लागतं.

कागद आणि रणांगण यांतलं अंतर इराकमध्ये सगळ्यांना दिसलं. मार्च 2005 मध्ये ली ॲन हेस्टर ही लष्करी पोलिसातली सार्जंट हल्लेखोरांशी समोरासमोर लढली. तिला सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं. पायदळाचा क्रमांक मात्र तेव्हा कुठल्याही स्त्रीला मिळू शकत नव्हता. ती बंदी उठवण्याचा निर्णय डिसेंबर 2015 मध्ये झाला.

मोठं सैन्य वर्गवारीशिवाय चालणार नाही, हे मलाही मान्य आहे. आपल्याकडेही भरतीला निघालेल्या पोराला पहिला प्रश्न असतो, ‘जीडी की ट्रेड्समन?’ सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत आजोबांचं डिस्चार्ज बुक अजून जपून ठेवलेलं आहे. त्यात त्यांचा ट्रेड लिहिलेला असेल. त्या ट्रेडवर असताना त्यांनी प्रत्यक्षात काय काय केलं, हे ते सांगू शकतात तोवर विचारून घ्या. आणि वहीत तारखेनिशी लिहून ठेवा.