चोरीची तारीख कोणती?



दिवसभराच्या उकाड्यानंतर समुद्रावरचा वारा सुटला आहे आणि आपण एखादा भारदस्त विषय ऐकण्याच्या तयारीने येथे जमला आहात. अशा वेळी मी आपल्यापुढे एक इंग्रजी रहस्यकथा घेऊन उभा आहे, याचे कोणास नवल वाटेल. रहस्यकथा ही दुपारी आडवे होऊन वाचण्याची वस्तू, तिच्यावर व्याख्यान कसले, असेही कोणी मनात म्हणेल. पण ज्यांच्या आडनावातच आपल्या जिल्ह्यातील अर्नाळा आहे त्या बाबूराव अर्नाळकरांनी महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या 'झुंजार'च्या नादी लावल्या. तेव्हा या प्रकाराला तुच्छ लेखण्याचा अधिकार निदान आपणांस तरी नाही.

ही कादंबरी म्हणजे विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन'. आपण तिला 'चंद्रमणी' म्हणू. १८६८ साली जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत ती डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. इंग्रजीतील आधुनिक डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांत पहिली आणि सर्वांत उत्तम ती हीच, असा निर्वाळा पुढे टी. एस. एलियटसारख्या कवीने दिला. मी ती वाचली डहाणूहून मुंबईस जाणाऱ्या लोकलमध्ये. आता इतक्या लांबच्या पुस्तकाचा डहाणू-तलासरीशी काय संबंध, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम कथानक थोडक्यात सांगतो. यॉर्कशायरमधील एका श्रीमंत घराण्यातील रेचेल या तरुणीस तिच्या अठराव्या वाढदिवशी, २१ जून १८४८ रोजी, मामाने मृत्युपत्राने ठेवलेला एक पिवळा हिरा मिळतो. त्याच रात्री तो तिच्या कपाटातून नाहीसा होतो. स्थानिक पोलीस अधिकारी येतो आणि त्याचा पहिला संशय नोकरमाणसांवर जातो. त्या दिवशी बंगल्याच्या आवारात तीन हिंदी जादूगार खेळ करून गेलेले असतात. त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही. तरी मॅजिस्ट्रेट त्यांना भटके म्हणून आठवडाभर कोठडीत ठेवतो. रोझॅना नावाची मोलकरीण पूर्वी चोरीबद्दल शिक्षा भोगून आलेली. सर्वांच्या नजरा तिच्याकडेही वळतात. पुढे ती बिचारी समुद्रकाठच्या रुतणाऱ्या वाळूत जीव देते.

मग लंडनहून सार्जंट कफ येतो. गुलाबांचा शोकी आणि नजरेने करवतासारखा. दाराच्या ओल्या रंगावर कोणाच्या तरी वस्त्राचा डाग पडला आहे, एवढ्यावरून तो तपास उभा करतो. परंतु तोही चुकतो. त्याचा संशय जातो प्रत्यक्ष रेचेलवरच. खरी हकीकत निराळी असते. डॉक्टरने गुपचूप दिलेल्या अफूच्या गुंगीत रेचेलच्याच प्रियकराने, हिरा सुरक्षित राहावा म्हणून, तो बाहेर काढलेला असतो. तो ज्याच्या हाती पडतो तो गॉडफ्रे म्हणजे धर्मादाय मंडळांचा आधारस्तंभ आणि सभा गाजवणारा वक्ता. याने पालक या नात्याने हाती आलेले दुसऱ्याचे पैसे उडवलेले असतात आणि ते भरून काढण्यासाठी तो हिरा गहाण टाकतो. शेवटी एका खाणावळीत काळ्यासावळ्या खलाशाचे प्रेत सापडते. सार्जंट कफ त्याची खोटी दाढी काढतो आणि चेहऱ्याचा रंग धुतो, तेव्हा आतून हा गोरा सद्गृहस्थ निघतो!

येथे सामान्य वाचक पुस्तक मिटवतो. पण आपणास ते तसे मिटवता येत नाही, कारण कादंबरी यॉर्कशायरमध्ये सुरू होतच नाही. ती सुरू होते श्रीरंगपट्टणास, ४ मे १७९९ रोजी. इंग्रजांनी टिपूचा किल्ला घेतला, त्या दिवसाच्या लुटीत हर्नकॅसल नावाचा अधिकारी शस्त्रागाराच्या दाराशी रक्ताळलेला खंजीर घेऊन उभा आहे. हिऱ्याचे तीन रखवालदार मरून पडले आहेत किंवा मरत आहेत. हाच तो रेचेलचा मामा. हे सर्व त्याचा चुलतभाऊ पाहतो. परंतु प्रत्यक्ष घाव घालताना आपण पाहिले नाही, न्यायालयात टिकेल असा पुरावा आपणापाशी नाही, असे म्हणून तो वरिष्ठांकडे तक्रार करीत नाही. घराण्याच्या कागदांत एक निवेदन लिहून ठेवतो आणि गप्प बसतो.

मित्रहो, सगळ्या कादंबरीचे मर्म या गप्प बसण्यात आहे. दुसऱ्या चोरीसाठी लंडनचा नामांकित डिटेक्टिव्ह येतो, धोब्याच्या वहीपर्यंत तपास होतो. पहिल्या चोरीची, जिच्यात माणसे मारली गेली तिची, साधी फिर्यादही नोंदली जात नाही. तपासाची तारीख १८४८ धरली तर ते तीन हिंदी लोक चोर ठरतात. १७९९ धरली तर ते आपली वस्तू परत नेण्यास आलेले रखवालदार ठरतात. माणसे तीच, हिरा तोच. बदलली ती केवळ तारीख.

हिरा काल्पनिक आहे हे खरे. परंतु कोहिनूर आपल्या मनात होता, हे कॉलिन्सने प्रस्तावनेतच सांगितले आहे. आणि श्रीरंगपट्टणची लूट तर इतिहासच आहे. येथे आपणही फार ताठ मानेने बोलू नये. १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि त्या मठास मदत पाठवली ती टिपूने. तेव्हा लुटीचा दोष कोणा एका जातीच्या वा धर्माच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. कॉलिन्सही तसे करीत नाही. हिरा सोमनाथाहून कोणकोणाच्या हातून फिरत गेला, याची वंशावळ तो प्रथमच देऊन टाकतो.

कॉलिन्स आपल्या काळाच्या पूर्वग्रहांतून सुटला होता असे मी म्हणत नाही. त्याचे हिंदी लोक गूढ आणि वाघासारखे दबा धरणारे आहेत. पण १८५७ ला तेव्हा अकराच वर्षे झाली होती. ज्याच्या साप्ताहिकात ही कथा छापली जात होती तो डिकन्सच त्या बंडाच्या बातम्यांनी हिंदी लोकांवर विलक्षण संतापला होता. अशा हवेत, हिरा अखेर सोमनाथाच्या मूर्तीच्या कपाळी परत बसलेला दाखवून कादंबरी संपवणे, ही लहान गोष्ट नव्हे.

आता सोमनाथाकडे जाणारी वाट पाहा. मुंबईहून निघालेला हमरस्ता आपल्या तलासरीवरूनच गुजरातेत शिरतो. त्या रस्त्यावर क्षणभर थांबू. लोकलमध्ये ही कादंबरी वाचत असता खिडकीबाहेर डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बाया दिसल्या. माझ्या शेजारचा उतारू सहज म्हणाला, "सगळी चोरीची लाकडे!" आणि मला एकदम तो यॉर्कशायरचा मॅजिस्ट्रेट आठवला.

चोरीची? कोणत्या तारखेपासून? १८६५ साली पहिला जंगल कायदा झाला, १८७८ साली तो अधिक कडक झाला. मधल्या काळात रेल्वे आली होती, मुंबई वाढत होती आणि दोघींनाही लाकूड हवे होते. वारली शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या झाडांचा टाहाळ आणि पालापाचोळा जमिनीवर पसरून जाळी आणि त्या राबावर भात-नागलीची रोपे काढी. राखीव जंगलाची रेघ आखली गेली आणि कालपर्यंतची शेतीची रीत आज गुन्हा ठरली. तक्रारी इतक्या झाल्या की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांविषयी सरकारला १८८५ साली एक कमिशन नेमावे लागले. जमिनीचेही तसेच झाले. खावटीचे धान्य, लग्नासाठी काढलेले कर्ज, कागदावरचा अंगठा, आणि जमीन सावकाराच्या नावे! लग्नाच्या कर्जापायी जन्मभर मालकाच्या घरी राबणाऱ्या 'लग्नगड्या'चे नाव आजही येथील वृद्धांच्या तोंडी आहे. कागद बिनचूक होते, मालक प्रतिष्ठित होते. गॉडफ्रेचेही कागद बिनचूकच होते.

येथे कफसारखा कोणी आला नाही काय? आला. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासी भागांची चौकशी केली आणि १९३९ साली त्याचा अहवाल छापून निघाला. वेठ, मारहाण, सावकारी हे सारे त्याने नोंदवून ठेवले. पण नोंदवणे वेगळे आणि फिर्याद उभी करणे वेगळे. अहवाल कपाटात राहिला, त्या चुलतभावाच्या निवेदनासारखा.

फिर्याद अखेर वारल्यांनी स्वतःच उभी केली. मे १९४५ मध्ये झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही, असे त्यांनी ठरवले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती प्राणांस मुकले. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. परुळेकरांचे राजकारण कोणास पटो वा न पटो. ज्यांना आजवर केवळ आरोपी म्हणून उभे केले जाई ते येथे साक्षीदार म्हणून बोलतात, हे त्या पुस्तकाचे मोल आहे.

पुढे २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. त्याच्या प्रास्ताविकातच वनवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. म्हणजे कायद्यानेच आपल्या तपासाची तारीख मागे नेली. दाव्यांचे कागद अजूनही कचेऱ्यांतून फिरत आहेत, ते दावे खरे-खोटे पारखले पाहिजेत, जंगलही राखले पाहिजे. यांपैकी काहीही मी नाकारीत नाही. जुन्या अन्यायाने नवी तोड आपोआप शुद्ध होत नाही, जशी श्रीरंगपट्टणच्या लुटीने त्या तिघांनी केलेली गॉडफ्रेची हत्या शुद्ध होत नाही.

माझे मागणे एवढेच आहे. आपण उद्या सकाळी स्टेशनवर जाल. मोळीवाली बाई दिसेल आणि शेजारचा कोणी तो शब्द उच्चारील. त्या वेळी त्याला भांडू नका, फक्त विचारा, "चोरी कोणत्या सालची म्हणता?" त्या लोकलमध्ये मी हे विचारावयास हवे होते. मी पुस्तकात डोके घातले आणि गप्प बसलो. त्या चुलतभावाला मी नावे ठेवली खरी, पण त्याच्यापुढे मी फारसा गेलेलो नाही, हे आपणांपुढे कबूल करून आपली रजा घेतो.