‘बीडल’ म्हणजे नक्की कोण?

जुना शब्द अडला की शब्दकोश उघडायचा, अर्थ टिपायचा आणि पुढे जायचं, अशी आपल्याला सवय असते. इंग्लंडच्या चर्चच्या कागदपत्रांतला ‘बीडल’ मात्र असा सहज सुटत नाही.

शब्द जुन्या इंग्रजीतला. मूळ क्रियापदाचा अर्थ पुकारणे, जाहीर करणे. म्हणजे बीडल हा मुळात दवंडी देणारा. मध्ययुगात फ्रेंच ‘बेदेल’ त्यात मिसळला आणि शब्दाला वेगवेगळ्या वाटा फुटल्या. केंब्रिजमध्ये आजही समारंभात कुलगुरूंच्या पुढे चांदीचे दंड घेऊन बेडेल चालतात. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये उपासनेच्या सुरुवातीला बीडल बायबल आत आणून व्यासपीठावर ठेवतो, मागून पाळक येतात.

इथवर ‘चोपदार’ हे भाषांतर छान बसतं. माउलींच्या पालखीत चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंग थांबतात, तोच हा मान.

पण इंग्लंडच्या पॅरिशमधला बीडल वेगळा. पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर. 1601 च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर आली आणि त्यासाठी कर बसला. त्यामुळे चर्चमध्ये शिस्त राखणारा हा काठीवाला भिकाऱ्यांना हाकलू लागला, अनाथांची ने-आण करू लागला. झगझगीत कोट, टोपी, काठी सगळं तेच; समोरचा माणूस मात्र आता भुकेला! डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला (1837-39) मिस्टर बंबल हाच. तो अनाथ पोरांची आडनावं चक्क वर्णानुक्रमे ठेवतो: ‘एस’ला स्वबल, ‘टी’ला ट्विस्ट. त्याच्या नावावरून मिजासखोर किरकोळ अधिकाऱ्यांच्या कारभाराला इंग्रजीत ‘बंबलडम’ म्हणू लागले. इथे ‘चोपदार’ लिहिलंत तर त्या पोरांवरची सत्ता तुमच्या भाषांतरातून गायबच होते. मी तरी इथे ‘बीडल’च ठेवेन आणि तळटीप देईन.

मग ओळखायचं कसं? आजचं स्पेलिंग थोडी मदत करतं: एका ‘एल’चा बेडेल ऑक्सफर्डचा, दोन ‘एल’चा केंब्रिजचा. जुन्या हस्तलिखितांत मात्र स्पेलिंग स्थिर नसतं, तेव्हा त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा हिशेबाची वही बघा. त्याच्या कोटाचे आणि टोपीचे पैसे कुठल्या खात्यातून गेलेत?