गिटारचा कागदी गळा

इलेक्ट्रिक गिटार वीज न जोडता कधी ऐकली आहे का? डासाच्या गुणगुणण्यासारखा बारीक आवाज येतो. शेजारच्या खोलीत बसलेल्याला कळणारही नाही की इथे कोणी वाजवते आहे. १९६० च्या दशकात विलायतेतली तरुण पिढी ज्या आवाजाने वेडावली, तो त्या लाकडात नाही. तो बाहेर पडतो एका दहा-बारा इंची कागदाच्या शंकूतून. फेस्त असो की लग्न, आपल्या गोव्यात गिटार काही परकी नाही आणि मोठमोठ्या गिटारवादकांची नावेही आपल्याला तोंडपाठ असतात. त्या कागदाची आठवण मात्र कोणाला होत नाही. म्हणून हा प्रपंच.

गिटारवाल्यांची एक जुनी खोड आहे. अँप्लिफायर उघडायचा, आतला चांगला चालणारा स्पीकर काढायचा आणि दुसरा बसवायचा. बिघडला म्हणून नव्हे, आवाज मनाजोगा नाही म्हणून! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. पण तबल्याची पुडी बदलणाऱ्याला वाटणार नाही. आपल्या घुमटाचेच बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीचे कातडे गेले आणि बकऱ्याचे आले. मडके तसेच, वाजवणारा हातही तोच, तरी नाद बदलल्याचे जुनी जाणती माणसे सांगतात. माझे म्हणणे एवढेच, की गिटारचा स्पीकर हे तिचे कातडे आहे. तो बदलणे ही दुरुस्ती नव्हे, वाद्य घडवण्याचेच ते काम आहे. ही गोष्ट कोणी पुस्तकात वाचून शिकले नाही. ती कळली अपघातांतून, टंचाईतून आणि थोड्याशा हट्टातून.

आज आपण वापरतो त्या धर्तीच्या स्पीकरवरचा गाजलेला निबंध जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये लिहिला. लोहचुंबकाच्या खाचेत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू. वीज बदलली की वेटोळे पुढेमागे होते, त्याच्यासोबत कागद आणि कागदासोबत हवा. एवढीच रचना, आणि शंभर वर्षे झाली तरी तिच्यात मूलभूत फरक पडलेला नाही. ती गिटारसाठी मुळीच नव्हती. रेडिओ, बोलपट, जाहीर सभा यांच्यासाठी होती आणि तिथला आदर्श एकच, आत जाईल तेच बाहेर यावे. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या पीटर जेन्सनने १९२७ मध्ये स्पीकरची कंपनी काढली. १९५० च्या दशकात लिओ फेंडरने आपल्या अँप्लिफायरमध्ये जे स्पीकर घातले, त्यांतले बरेच या जेन्सनचे.

पण आत जाते तेच बाहेर यावे, हा आदर्श गिटारवाल्यांनी लवकरच मोडला.

१९५१ मध्ये आइक टर्नरची मंडळी ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित करायला मेम्फिसला निघाली. वाटेत अँप्लिफायर पडला आणि स्पीकरचा कागद फाटला. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याने त्यात कागदाचे बोळे कोंबले आणि तसेच वाजवायला सांगितले, असे तो पुढे सांगत असे. विली किझार्टच्या गिटारचा तो घोगरा, खरखरता स्वर लोकांना आवडला! पुढे लिंक रेने १९५८ च्या ‘रंबल’साठी पेन्सिलीने स्पीकरला मुद्दाम भोके पाडली. त्या रचनेत एकही शब्द नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी तिच्यावर बंदी घातली. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने एका छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरवर ब्लेड फिरवले, आणि ते गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले.

आपल्याला यात नवल वाटायला नको. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण जवारी लावतोच की! स्वच्छ तार आपल्याला मुकी वाटते. तिला झणकार हवा, म्हणजे शास्त्रज्ञाच्या भाषेत तिच्यात दोष हवा. पश्चिमेच्या तरुणांना त्यांची जवारी फाटक्या कागदात सापडली, एवढेच.

ब्लेड मारण्याचा मार्ग काही टिकाऊ नव्हे. टिकाऊ उत्तर आले इंग्लंडमधून, तेही काटकसरीपोटी. डार्टफर्डच्या टॉम जेनिंग्जच्या कारखान्यात डिक डेनीने १९५८ मध्ये वॉक्स एसी-१५ हा अँप्लिफायर काढला. शॅडोज या वाद्यवृंदाला आवाज अपुरा पडू लागला, तेव्हा ३० वॅटचा एसी-३० आला. त्यात सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची दोन स्पीकर होते. रेडिओसाठीच्या जुन्या स्पीकरला गिटारजोगे मजबूत करून निळा रंग दिलेले. प्रत्येकाची ताकद अवघी १५ वॅट. म्हणजे ३० वॅटच्या अँप्लिफायरसाठी दोघे मिळून जेमतेम पुरे. असा काठावर चालणारा स्पीकर जोरात वाजवला की त्याचा कागद आणि वेटोळे दोन्ही दमतात, आणि त्या दमण्यालाच लोक गोडवा म्हणू लागले.

दुसरी गोष्ट जिम मार्शलची. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात त्याचे ड्रमचे दुकान होते. गिऱ्हाइकांना फेंडरचा बेसमन अँप्लिफायर हवा असे, पण अमेरिकेहून येणारा तो माल महाग. १९६२ मध्ये मार्शल, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बेसमनच्याच मंडलावरून आपला अँप्लिफायर केला. मंडल जवळपास तेच, आवाज मात्र वेगळा! व्हॉल्व आणि ट्रान्सफॉर्मर वेगळे होते हे खरे. पण बेसमनमध्ये जेन्सनचे दहा इंची चार स्पीकर, तेही मागून उघड्या पेटीत. मार्शलकडे सेलेस्टियनचे बारा इंची चार, मागून बंद पेटीत. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या तबकडीवर एरिक क्लॅप्टनने मार्शलच्याच धाकट्या, दोन स्पीकरच्या अँप्लिफायरवर जे वाजवले, त्याने रॉकचा कान घडवला. पण इतिहासात श्रेय मिळाले ते बोटांना आणि फार तर अँप्लिफायरवरच्या नावाला.

उलट दिशेचे लोकही होते. कॅलिफोर्नियाचा डिक डेल इतक्या जोरात वाजवी की फेंडरचे स्पीकर जळत. त्याला हवा होता न फाटणारा आवाज, म्हणून जेबीएलचा पंधरा इंची स्पीकर आला. १९६० च्या दशकाच्या शेवटी रँडल स्मिथ नावाच्या कारागिराने गंमत म्हणून फेंडरच्या चिमुकल्या प्रिन्स्टनमधला दहा इंची स्पीकर काढून जेबीएलचा बारा इंची ठोकून बसवला आणि आत बेसमनच्या जातीचे मंडल भरले. कार्लोस सँटाना तो वाजवून इतका खूश झाला की त्याच्या उद्गारावरूनच ‘बूगी’ हे नाव पडले. त्यातून मेसा बूगी ही नाणावलेली कंपनी उभी राहिली.

आमच्या ओळखीचा एक वादक लग्नसमारंभांत वाजवतो. त्याने स्पीकर बदलला तेव्हा मी शेजारी बसून दोन्ही ऐकले. जुन्यावर वरच्या तारा कानात टोचत होत्या. नव्यावर त्या गोल झाल्या, आणि आवाजाची खुंटी पाचऐवजी तीनवरच पुरू लागली. याचे कारण संवेदनक्षमता. एकाच वॅटवर एक स्पीकर ९७ डेसिबल देतो आणि दुसरा १००. फरक तीनाचा दिसतो, पण तो अँप्लिफायरची ताकद दुप्पट करण्याइतका आहे.

टोचणे कमी झाले त्याचेही कारण आहे. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर फारसे बोलतच नाही. भरडलेल्या आवाजातली कर्कश टोके तिथेच गळून पडतात. तोच आवाज गाणी ऐकायच्या उत्तम स्पीकरवर लावा, मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखे वाटेल. शिवाय वरच्या पट्टीत कागद एकसंध हलत नाही. त्याचे निरनिराळे भाग आपापल्या परीने थरथरतात आणि प्रत्येक कागदाची ही थरथर वेगळी. ज्यांना हा खटाटोप करायचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द: ओहमचा आकडा जुन्याशी जुळवा, वॅट अँप्लिफायरपेक्षा कमी घेऊ नका, आणि व्हॉल्वचा अँप्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालवू नका, त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. नवा कागद ताठ असतो, काही तास वाजल्यावर सैल होतो. पहिल्याच दिवशी निकाल देऊ नये.

असो. या कथेत अर्थकारणही आहे. निळ्या स्पीकरच्या चुंबकात कोबाल्ट होते, आणि ते महाग. म्हणून १९६० च्या दशकातच सेलेस्टियन स्वस्त फेराइटच्या चुंबकाकडे वळली. त्यातूनच पाठीवर हिरवे झाकण असलेला ‘ग्रीनबॅक’ आला. १९७८ मध्ये झाईरच्या शाबा प्रांतातल्या लढाईने कोबाल्टचे भाव भडकले आणि जेबीएललाही तोच रस्ता धरावा लागला. आफ्रिकेतल्या खाणीवर संकट आले आणि कॅलिफोर्नियातला स्पीकर बदलला! मग जुन्या आवाजाची हुरहुर लागली. १९८६ मध्ये सेलेस्टियनने फेराइटवरच जुन्या निळ्याची आठवण देणारा ‘व्हिंटेज ३०’ काढला, आणि १९९० च्या दशकात तर निळाच परत आणला.

आज अनेक वादक खरा स्पीकर वापरतच नाहीत. संगणकात त्याच्या आवाजाची छबी भरतात आणि बटण दाबून ‘स्पीकर बदलतात’. पण ती छबी कशाची असते? हव्या तशा निर्दोष स्पीकरची ती सहज करता आली असती. तरी मागणी आहे ती त्या १५ नि २५ वॅटच्या, दमणाऱ्या, पाच हजारांवर गप्प होणाऱ्या कागदाचीच. सुधारणा म्हणजे दोष काढून टाकणे, असे आपण सगळीकडेच गृहीत धरतो. संगीतात तरी आधी विचारायला हवे, की हा दोष आहे की जवारी? आणि ज्या कारखान्यांत तो कागद लगद्यातून घडला, तिथल्या कामगारांची नावे कुठल्याच तबकडीवर नाहीत, हेही एकदा आठवावे.