लष्करी नोंदींतील 'चांदूर' कोणतें?

पहिल्या महायुद्धांत कामीं आलेल्या हिंदी शिपायांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळूं लागल्यापासून, आपल्या घराण्यांतील शिपायाचा शोध घेणारास एक उत्तम साधन लाभलें आहे. मात्र त्यांतील नोंद पारखूनच स्वीकारावी लागते. चांदूर रेल्वेच्या उदाहरणानें हें स्पष्ट होईल.

अमरावती जिल्ह्यांत चांदूर रेल्वे व चांदूर बाजार अशीं दोन मोठीं गांवें आहेत. नोंदींत नुसतें 'चांदूर, जिल्हा अमरावती' एवढेंच असल्यास शिपाई कोणत्या गांवचा हें ठरत नाहीं. १९०५ पूर्वीं चांदूर बाजार एलिचपूर जिल्ह्यांत मोडत असे. त्या सालीं तो जिल्हा अमरावतींत सामील झाला व ही खूण नाहींशी झाली. महायुद्ध त्यानंतरचें, म्हणून तालुका पाहावा. तत्कालीन चांदूर तालुक्याचें ठाणें चांदूर रेल्वे येथें होतें. चांदूर बाजार एलिचपूर तालुक्यांत होतें.

दुसरा घोटाळा पलटणीच्या नांवाचा. '९६ वी बेरार इन्फंट्री' ही वऱ्हाडी लोकांची पलटण असावी असें सहज वाटतें. वस्तुतः ती हैदराबाद कंटिंजंटपैकीं होय. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा वसूल त्या फौजेच्या खर्चास लावून दिला होता. तींतील भरणा मात्र बहुतांशीं उत्तर हिंदुस्थानांतील लोकांचा असे. १९०३ सालीं तिला वरील नांव मिळालें, १९२२ त ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली आणि १९४५ त त्या रेजिमेंटचें नांव कुमाऊं रेजिमेंट झालें. सबब शोध या सर्व नांवांनीं घ्यावा.

तिसरें असें कीं, नांव न सांपडल्यास पूर्वज लष्करांत नव्हता असें अनुमान काढूं नये. कमिशनच्या यादींत मृतांचीच नोंद असते. जिवंत परतलेले तींत येत नाहींत. लाहोरच्या संग्रहालयांतील ज्या दफ्तरांच्या नोंदी २०२१ पासून खुल्या होऊं लागल्या, त्यांत सुमारें ३,२०,००० शिपाई आहेत. पण तीं दफ्तरें पंजाबचीं होत.

अशा प्रसंगीं घरांतील पेटीच अधिक बोलते. त्या युद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. पदक व नोंद यांचा क्रमांक आणि पलटण जुळल्यावांचून केवळ नामसाम्यावर वंशावळींत नांव घालूं नये; तसें केल्यास एका घरच्या मृताचें स्मरण दुसऱ्याच घरीं जातें. चांदुराकडील ज्यांच्या संग्रहीं अशीं पदकें वा नोकरीचीं पुस्तकें असतील, त्यांनीं त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या.