तलवारीकडून विद्यालयाकडे : कुंभकोणमचा धडा

राज्य बुडाले, की त्याच्या फौजेवर ज्यांचे पोट होते त्यांचे काय होते? इतिहासग्रंथांत या प्रश्नाला फारशी जागा मिळत नाही. प्रशासनात काम करणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही. त्या दृष्टीने कावेरीकाठच्या मराठी माणसांचा इतिहास मला उद्बोधक वाटतो.

व्यंकोजीराजे भोसले विजापूरचे सरदार म्हणून दक्षिणेत उतरले आणि १६७० च्या दशकात त्यांनी तंजावरला राज्य स्थापिले. फौजेबरोबर कारकुनी व शास्त्री घराणीही तेथे स्थायिक झाली. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला आणि महसुलाचा ठरावीक हिस्सा एवढेच उरले. राजांनी विद्येची कास धरली. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, देवनागरी छापखाना काढला आणि धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचा अभ्यास करविला. तेथील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आजही जतन केलेल्या आहेत.

१८५४ साली कुंभकोणमला सरकारी शाळा निघाली आणि १८५५ मध्ये तंजावरची गादी संपली. पुढे १८६७ मध्ये त्या शाळेचे महाविद्यालय झाले. पोर्टरसाहेब आणि गोपाळराव यांच्यासारख्या अध्यापकांनी ते नावारूपास आणले.

या स्थित्यंतराचा लाभ कोणाला झाला? कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव मद्रासला शिकले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. ते मुळात लेखणीच्या घराण्यातले होते. अक्षरओळख, पाठांतर, हिशेब हे भांडवल अशा घरांत आधीपासूनच होते. माझा तर्क असा, की ज्याच्या घरी केवळ तलवार होती त्याला शाळेचा दरवाजा उघडा असूनही उंबरठा ओलांडणे कठीण गेले असावे. निर्वाहाची सोय नसेल तर बुद्धीही अपुरी पडते. याच महाविद्यालयात १९०४ साली दाखल झालेल्या रामानुजन यांना इतर विषयांतील अपयशामुळे शिष्यवृत्ती गमवावी लागली आणि महाविद्यालयही सोडावे लागले.

अमेरिकेने १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणशुल्काबरोबर निर्वाहभत्ताही दिला. सुमारे २२ लाख माजी सैनिक त्याच्या आधारे महाविद्यालयांत गेले. आपल्याकडे माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचा भर प्रामुख्याने राखीव नोकऱ्यांवर राहिला. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच कायम करण्याची तरतूद झाली. बाकीचे तरुण ऐन पंचविशीच्या आसपास सैन्याबाहेर पडणार. त्यांपैकी एखाद्याला डॉक्टर व्हावेसे वाटले, तर प्रवेशपरीक्षेची तयारी आणि त्यानंतरची साडेपाच वर्षे तो कशाच्या बळावर काढणार? सेवेअखेरीस मिळणारी एकरकमी पुंजी एवढा काळ पुरेलच असे नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा स्थित्यंतराचा खर्च होय. तो राज्याने उचलला नाही, तर ज्याच्या घरी आधीच काही आहे तोच पुढे जातो. पूर्वतयारीचे वर्ग, वयाची सवलत आणि निर्वाहवेतन या तीन गोष्टी एकत्र दिल्या पाहिजेत. नोकरीतील आरक्षण त्यांची जागा घेऊ शकत नाही.