दुर्बीण : पर्वतीवरील व रानांतील

जुने कागद वाचणारास अनोळखी शब्दापेक्षां ओळखीचा शब्दच अधिक फसवितो. शब्द अडला तर कोश काढतां येतो. परंतु शब्द रोजच्या व्यवहारांतला आणि वस्तु मात्र मधल्या काळांत पालटलेली, अशी स्थिति असली म्हणजे वाचणारास शंका येण्याचें कारणच उरत नाहीं. 'दुर्बीण' हा शब्द याच जातीचा आहे. फारसी 'दूर' व 'बीन' म्हणजे पाहणारें, या दोन पदांपासून तो झाला. पेशवाईंतील एका डोळ्याची नळी, शिकाऱ्याच्या गळ्यांतील दोन डोळ्यांची जोडनळी, वेधशाळेंतील मोठें यंत्र, इतकेंच नव्हे तर आजच्या शस्त्रवैद्यानें पोटांत घालावयाची बारीक नळी, या सर्वांस मराठींत एकच नांव आहे. त्यामुळें कागदांत 'दुर्बीण' दिसतांच वाचक आपल्या घरांतील दुर्बिणीचें चित्र डोळ्यांपुढें आणतो, आणि संग्राहक एकादी पितळी नळी हातीं येतांच तिच्यावर पेशव्यांचा शिक्का मनानेंच उमटवितो. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं पुण्यांत बसून चष्म्यासारख्या लहानशा वस्तूचा इतिहास किती परिश्रमानें जुळविला, हें जाणत्यांस ठाऊक आहे. दुर्बिणीकडेहि त्याच दृष्टीनें पाहावें, आणि कोणत्या कामास कोणती दुर्बीण उपयोगी हें आधीं ठरवावें, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हें ठरलें म्हणजे जुन्या कागदाचा अर्थ लागतो, संग्रहांतील वस्तूचा काळ लागतो, आणि आज रानांत जाणारानें बाजारांतून काय घ्यावें याचेंहि उत्तर मिळतें.

(१) यंत्राचें आगमन

दुर्बिणीचा पहिला निश्चित उल्लेख इ. स. १६०८ चा असून तो हॉलंडमधील आहे. त्या वर्षी हान्स लिपरशे या चष्मेवाल्यानें तिच्या हक्कासाठीं अर्ज केला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओनें आपली दुर्बीण आकाशाकडे वळविली. हिंदुस्थानांत हें यंत्र येण्यास फार काळ लागला नाहीं. १६५१ सालीं जेरेमाया शेकर्ली या इंग्रजानें सुरतेस बसून सूर्यबिंबावरून जाणारा बुध पाहिला. जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या 'झीज-इ-मुहम्मदशाही' या ग्रंथांत आपल्या राज्यांत दुर्बिणी तयार होतात असें सांगून गुरूच्या चार उपग्रहांचा व सूर्यावरील डागांचा उल्लेख केलेला आहे. सारांश, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, मराठ्यांच्या फौजा उत्तरेंत वावरत असतां, दुर्बीण ही हिंदी दरबारांस अपरिचित वस्तु नव्हती.

परंतु ती दुर्बीण कशी होती, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. जुन्या साध्या भिंगांतून वस्तूच्या कडेस रंगांची झालर दिसे. ती कमी करावयाची तर नळी लांब करावी लागे, आणि लांब नळी हातांत स्थिर राहत नसे. १७५८ त लंडनच्या जॉन डॉलंडनें दोन जातींच्या कांचा एकत्र बसवून केलेल्या निर्मळ भिंगाचा हक्क मिळविला. त्यानंतर मात्र लहान, एकींत एक सरकणाऱ्या नळ्यांची हातदुर्बीण चांगल्या गुणाची होऊं लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीस साहेब लोकांच्या हातीं जी दुर्बीण असे ती बहुधा याच जातीची.

(२) पर्वतीवरची दुर्बीण

आतां पुण्याचें उदाहरण घेऊं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, शके १७३९ मध्यें, खडकीची लढाई झाली. त्या वेळीं दुसरे बाजीराव पर्वतीवर होते, हें त्या लढाईस जातीनें हजर असलेल्या ग्रँट डफच्या इतिहासावरून कळतें. त्यांनीं पर्वतीवरून दुर्बीण लावून लढाई पाहिली, ही पुण्यांतील परंपरा सर्वांच्या तोंडीं आहे. परंपरा खरी कीं खोटी, हा वाद येथें घालावयाचा नाहीं. ती खरी धरली तर पेशव्यांस काय दिसलें असेल, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, आणि त्याचें उत्तर गणितानें बरेंच देतां येतें.

पर्वतीपासून रणभूमि सरळ रेषेंत सुमारें सहा किलोमीटर. निरोगी डोळ्यास एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढें अंतर वेगळें ओळखतां येतें. सहा किलोमीटरांवर एक कला म्हणजे पावणेदोन मीटर, सुमारें एका पुरुषाची उंची. म्हणजे नुसत्या डोळ्यानें उभा मनुष्य हा फार तर एक ठिपका. त्या काळची चांगली हातदुर्बीण वस्तु वीस पट मोठी दाखवी असें धरलें, तर सहा किलोमीटरांवरील मनुष्य तीनशें मीटरांवर असल्यासारखा दिसेल. घोडेस्वार कोणता व पायदळ कोणतें, निशाण उभें आहे कीं पडलें, तोफेचा धूर कोणत्या बाजूस उठला, हें त्यावरून कळेल. परंतु कोण पडला तें कळणार नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. अशा नळींतून एका वेळीं दिसणारा टापू फार अरुंद असतो. तो एक ते दीड अंश धरला, तर सहा किलोमीटरांवर त्याची रुंदी शंभर ते दीडशें मीटर होते. खडकीस इंग्रजांकडे सुमारें अठ्ठावीसशें लोक होते आणि मराठ्यांची संख्या त्यांच्या कित्येक पट होती. अशा फौजेची फळी शंभर मीटरांच्या खिडकींतून पाहणें म्हणजे भिंतीच्या भोंकांतून मिरवणूक पाहण्यासारखें आहे. त्यांत दुपार उलटल्यावर उठलेली धूळ व दारूचा धूर. मराठी घोडदळाचा हल्ला इंग्रजांच्या फळीपुढील दलदलीमुळें विस्कळित झाला. ही दलदल पर्वतीसारख्या दूरच्या टेकडीवरून, जमिनीला जवळजवळ समांतर नजरेनें, कोणत्याहि दुर्बिणींतून उमगणें कठीण होतें. मोरो दीक्षित पडले व जरीपटक्याभोंवतीं गडबड झाली, हें दिसलें असेल. ती कां झाली हें दिसलें नसेल.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, "पर्वतीवरून सर्व लढाई पाहिली" हें वाक्य जशाचें तसें घेऊं नये. परिणाम दिसावा आणि कारण दिसूं नये, अशीच ती जागा व तेंच तें यंत्र होतें. त्या दिवशींच्या पेशव्यांच्या वागणुकीचा न्याय करणारानें ही मर्यादा हिशेबांत घेतली पाहिजे.

(३) शिकारींत दुर्बीण कां नव्हती

पर्वतीच्याच परिसरांत सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. तेथील गेंड्याचें चित्र गंगाराम तांबट यानें १७९० त काढलेलें आहे. जनावरांची एवढी हौस असलेल्या दरबाराच्या शिकारींत दुर्बिणीस मोठें स्थान असेल, असें आजच्या वाचकास सहज वाटेल. परंतु त्या वेळची शिकार कशी चाले तें पाहिलें म्हणजे हा ग्रह टिकत नाहीं.

शिकारीचे मुख्य प्रकार दोन. एक हांक्याची शिकार : हांकारे रान उठवीत आणि सावज शिकाऱ्याकडे येई. दुसरा चित्त्याची शिकार : टोपी घातलेला चित्ता गाडीवरून काळविटांच्या कळपाजवळ नेऊन सोडीत. दोहोंतहि सावज जवळ येतें किंवा आपण त्याच्या जवळ जातों. दूरवरून तास न् तास न्याहाळण्याचा प्रसंगच नाहीं. शोधाचें काम माग काढणाऱ्याचें असे, आणि तो आकाशरेषेकडे न पाहतां पायाखालच्या मातीकडे पाही. १८२५ पासून खानदेशांत भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम हा वाघाच्या शिकारीबद्दल प्रसिद्ध होता. त्याचीहि भिस्त भिल्लांच्या नजरेवर होती. कोल्हापूर संस्थानांत चित्त्याची शिकार विसाव्या शतकांतहि चालू होती, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेंतून आणविलेले चित्ते तेथें वापरले गेले. पण शिकारीची रीत तीच राहिली.

शिवाय यंत्राचा दोष होताच. वीस पट मोठें दाखविणारी नळी हाताचा कंपहि वीस पट करते. किल्ल्याच्या तटावर ती टेकवितां येते. घोड्यावर किंवा झाडींत तिचा उपयोग नाहीं. हललेली फांदी पाहून नळी डोळ्यास लावावी, नळी खेंचून नेम बसवावा, तों सावज निघून जातें. रानांत लागणारी दुर्बीण थोडी मोठी दाखविणारी, पुष्कळ टापू दाखविणारी, दोन्ही डोळ्यांची आणि सकाळ-संध्याकाळच्या अंधुक उजेडांत चालणारी असली पाहिजे. अशी दुर्बीण पेशवाईंत अस्तित्वांतच नव्हती. १८२३ च्या सुमारास व्हिएन्ना येथें नाटकगृहासाठीं दोन नळ्या जोडलेली दुर्बीण निघाली. तिची शक्ति अल्प व टापूहि लहान. १८५४ त इटलीच्या पोरोनें तिकोनी कांचांनीं किरणांस वळवून नळी आंखूड करण्याची युक्ति काढली, आणि १८९४ त जर्मनीच्या त्साइस कारखान्यानें त्या युक्तीची जोडदुर्बीण विक्रीस काढली. शिकाऱ्याची खरी दुर्बीण ती येथून.

(४) संग्राहकांस कांहीं खुणा

यावरून संग्रहांतील दुर्बिणींच्या परीक्षेसाठीं पुढील खुणा ठरवितां येतात.

पहिली खूण : तिकोनी कांचांची, मधून दुमडलेल्या घाटाची जोडदुर्बीण कोणीहि १८५७ च्या धामधुमींतील म्हणून दाखविली तर ती तत्काळ बाजूस ठेवावी.

दुसरी : भिंगावर निळसर किंवा जांभळट झांक दिसली तर तें भिंग १९३५ नंतरचें. परावर्तन कमी करणारा लेप त्या वर्षी त्साइस येथील स्माकुलानें शोधून काढला. नळी जुनी व भिंग मागाहून बदललेलें, असाहि प्रकार असूं शकतो.

तिसरी : पुढच्या भिंगासमोर दिव्याची ज्योत धरावी. साध्या भिंगांत ज्योतीचीं दोन प्रतिबिंबें दिसतात. दोन कांचांच्या निर्मळ भिंगांत तीन किंवा चार. दुसऱ्या प्रकारचें भिंग १७५८ च्या फार पूर्वीचें असणें शक्य नाहीं.

चौथी : डॉलंडचें नांव कोरलेलें आहे एवढ्यावर विश्वास ठेवूं नये. या नांवाची नक्कल फार झाली. नांवाच्या दुसऱ्या इंग्रजी अवयवांत 'ओ' च्या जागीं 'ए' कोरलेल्या नळ्या बाजारांत पुष्कळ सांपडतात. त्या त्या घराण्याच्या नव्हेत.

पांचवी, आणि सर्वांत महत्त्वाची : घराण्यांतील आख्यायिका हा पुरावा नव्हे, शोधाची दिशा आहे. तारीख, देणाराचें नांव व किंमत यांसह दप्तरांत नोंद सांपडली तर नळीस इतिहास लाभतो. एरवीं ती नुसती जुनी नळी. पितळ घांसून चकचकीत करणें व भिंगें काढून पुसणें हीं दोन्ही कामें पुरावा नष्ट करणारीं आहेत.

(५) आजची निवड

शिकारीचा काळ आतां संपला. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्यानें तिला बंधनें घातलीं व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती जवळजवळ बंदच केली. मात्र शिकाऱ्याची दुर्बीण उरली, आणि ती आतां पाहणाराच्या हातीं आली. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यांत चिंकारा, कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीस काळवीट, भीमाशंकरास शेकरू पाहणारे पुणेकर थोडे नाहींत. आमच्या वाचकांपैकीं किल्ले व लेणीं हिंडणारांसहि उंच दरवाज्यावरील शिल्प किंवा हात न पोंचणारा शिलालेख पाहण्यास तीच दुर्बीण उपयोगी पडते.

मध्यम किमतीची, म्हणजे आजच्या मानानें सुमारें दहा ते पंचवीस हजार रुपयांची, दुर्बीण घेणारानें वर सांगितलेला इतिहास स्मरावा. दुर्बिणीवर ८×४२ असे दोन आंकडे असतात. पहिला किती पट मोठें दिसेल तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्यानें भागिलें म्हणजे डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्यें ती सव्वापांच मिलिमीटर, १०×४२ मध्यें ४.२, आणि खिशांतल्या १०×२५ मध्यें अवघी अडीच. भर दुपारीं हा फरक जाणवत नाहीं, कारण बुबुळच त्या वेळीं दोन-तीन मिलिमीटर उघडलेलें असतें. पण जनावरें बाहेर येतात तीं पहाटे व तिन्हीसांजेस, आणि तेव्हां हाच फरक चितळ व सावली यांतला फरक ठरतो. आठ पटींच्या दुर्बिणीस सात अंशांचा टापू सहज मिळतो, म्हणजे हजार मीटरांवर सुमारें एकशेंवीस मीटर. तीस-चाळीस पटींचा आंकडा छापलेल्या किंवा पट कमी-जास्त करणाऱ्या स्वस्त दुर्बिणी घेणें म्हणजे पर्वतीवरची अरुंद खिडकी पुन्हां विकत घेणें होय.

घेतांना दुकानांत तीन परीक्षा कराव्या. दुर्बीण हातभर दूर धरून पाहिल्यास मागच्या भिंगांत दिसणारीं प्रकाशाचीं वर्तुळें वाटोळीं असावीं, कडा कापलेल्या नसाव्या. दोन्ही डोळ्यांचीं चित्रें आपोआप एकत्र यावीं. तीं जुळविण्यास डोळ्यांस ताण पडत असेल तर ती दुर्बीण डोकेंदुखीच विकत देते. चष्मा लावणारास चष्म्यासह पूर्ण टापू दिसावा. याशिवाय सह्याद्रीच्या पावसाळ्यांत भिंगांना बुरशी धरते, म्हणून नत्रवायु भरून बंद केलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण थोडी महाग पडली तरी घ्यावी. अत्यंत महाग दुर्बीण याहून स्वच्छ दाखवील यांत शंका नाहीं. परंतु वाढत्या किमतीच्या मानानें वाढता लाभ थोडाच, आणि जी गळ्यांत घालून रान तुडवितांना जीव धाकधूक करीत नाहीं तीच अधिक वापरली जाते.

सारांश, दुर्बीण किती जवळ आणते यापेक्षां ती कोठें, केव्हां व किती टापू दाखविते हा प्रश्न आधीं विचारावा. हाच प्रश्न जुन्या कागदांतील 'दुर्बीण' या शब्दासहि विचारतां येतो. ज्यांच्या संग्रहीं दुर्बिणीची खरेदी, नजराणा किंवा दुरुस्ती नोंदविलेले कागद असतील त्यांनीं ते तारीखवार प्रसिद्ध करावे. अशा पांच-पंचवीस नोंदी एकत्र आल्या म्हणजे कोणत्या काळीं कोणत्या जातीची नळी मराठ्यांच्या हातीं होती, हें अनुमानानें न सांगतां पुराव्यानें सांगतां येईल.